वर्तणूक : चांगली

शाळा सोडल्याचा दाखला प्रत्येक मराठी घरात कुठल्या ना कुठल्या फाइलीत असतो. जन्मतारखेसाठी आणि जातीच्या नोंदीसाठी तो जपला जातो. खालच्या रकान्यांकडे कुणी फिरकत नाही. तिथे 'अभ्यासातील प्रगती' आणि 'वर्तणूक' अशा दोन नोंदी असतात. पहिलीपुढे बहुधा 'समाधानकारक' लिहिलेलं असतं, दुसरीपुढे 'चांगली'. बाक मोडून मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभं राहणाऱ्याची वर्तणूक चांगली, आणि वर्षभर तोंडातून शब्द न काढणाऱ्या मुलीचीही चांगली. दाखला लिहिणाऱ्या लिपिकानं ती मुलं पाहिलेलीही नसतात. त्याच्यापुढे जनरल रजिस्टर असतं आणि बाहेर पालकांची रांग.

काळाच्या कसोटीवर या शेऱ्याइतका पक्का शेरा दुसरा नाही. 1975 साली तो तोच होता, आजही तोच आहे, शिक्षक बदलले तरी तोच राहतो. त्याचा उपयोग मात्र शून्य. संख्याशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर त्याची विश्वसनीयता काढताच येत नाही, कारण दोन वेळच्या नोंदींचा सहसंबंध काढायचा तर मुलामुलांत निदान थोडा फरक नोंदवलेला असायला हवा. सगळे सारखेच असतील तर गणित सुरूच होत नाही. या पुस्तकाचा विषय शिक्षकांनी मुलांच्या वागण्याची केलेली मापनं काळाच्या ओघात किती टिकतात हा आहे. म्हणून आरंभीच सांगून टाकतो, की न बदलणं ही काही स्वतःहून गुणाची गोष्ट नाही.

विषय ऐकायला कोरडा वाटतो. पण एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. तिसरीच्या वर्गशिक्षिकेनं ऑगस्टमध्ये एका मुलाबद्दल लिहिलं, 'एका जागी बसत नाही, इतरांना त्रास देतो.' दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याच बाईंना पुन्हा विचारलं तर त्या तेच लिहितील का? जूनमध्ये तो चौथीत गेल्यावर नव्या सरांना तो तसाच दिसेल का? आणि तो तिशीचा झाल्यावर, त्याच्या आयुष्याकडे बघून, बाईंच्या त्या एका ओळीत काही तथ्य होतं असं म्हणता येईल का? हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत. शाळेत, पालकसभेत आणि दुर्दैवानं काही तज्ज्ञांच्या अहवालांतही ते एकात एक मिसळले जातात. आपल्याकडे या विषयावरचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पहिल्या दोन प्रश्नांची नीट उत्तरं शोधण्याचं काम ज्या थोड्या लोकांनी केलं त्यांत लंडनचे बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांचं नाव आधी घ्यावं लागतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या आइल ऑफ वाइट या बेटावर 1964-65 मध्ये दहा-अकरा वर्षांच्या सगळ्या मुलांची पाहणी झाली. हजारो मुलांची एकेक करून मुलाखत घेणं शक्य नव्हतं, म्हणून शिक्षकांसाठी एक छोटी प्रश्नावली तयार केली गेली. तीत 26 विधानं होती. मूल फार चळवळं आहे, मारामारी करतं, एकटं राहतं, खोटं बोलतं, नखं कुरतडतं, शाळेत येताना रडतं, अशा धाटणीची. प्रत्येकापुढे तीन पर्याय : लागू नाही, थोडंसं लागू, नक्की लागू. गुण अनुक्रमे शून्य, एक आणि दोन. बेरीज नऊ किंवा अधिक झाली की त्या मुलाकडे बारकाईनं पाहायचं. शिक्षकाला एका मुलासाठी काही मिनिटांपेक्षा जास्त वेळ द्यावा लागत नसे, आणि म्हणूनच ही प्रश्नावली पुढे जगभर वापरली गेली.

रटर यांनी 1967 मध्ये ती प्रसिद्ध केली तेव्हा सोबत दोन आकडे दिले. त्याच शिक्षकांनी सुमारे दोन महिन्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली तेव्हा दोन वेळच्या गुणांचा सहसंबंध 0.89 आला. त्याच मुलांसाठी वेगळ्या शिक्षकांनी भरली तेव्हा तो 0.72 वर उतरला. (सहसंबंध गुणांक एक असेल तर दोन्ही वेळचा क्रम अगदी जुळला, शून्य असेल तर एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी ही प्रस्तावना वाचायला पुरे.)

0.89 हा आकडा पाहून कुणालाही हायसं वाटेल. पण त्याच्यावर इतक्या सहज खूश होऊ नये. भाजीवालीचा काटा रोज पन्नास ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर सोमवारचं आणि गुरुवारचं वजन तंतोतंत जुळेल. जुळण्यानं काटा खरा ठरत नाही. तोच शिक्षक दोन महिन्यांनी तेच म्हणतो, त्यात मुलाच्या स्थिर स्वभावाचा वाटा असतो, तसाच शिक्षकाच्या स्थिर मताचाही असतो. 0.89 आणि 0.72 यांच्यामधलं अंतर म्हणजे ढोबळमानानं ही दुसरी गोष्ट, शिक्षकासोबत येणारी आणि शिक्षकासोबतच निघून जाणारी.

अमेरिकेत टॉमस आकेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये 119 अभ्यास एकत्र करून हाच प्रश्न मोठ्या पटावर मांडला. एकाच मुलाबद्दल दोन शिक्षकांचं मत सरासरी 0.64 इतकं जुळतं. पण शिक्षक आणि आईवडील, किंवा शिक्षक आणि समुपदेशक अशी वेगवेगळ्या भूमिकांतली माणसं घेतली की सरासरी 0.28 वर कोसळते. या 0.28 चा वर्ग केला तर हाती आठ टक्के लागतात. म्हणजे शिक्षकाच्या नोंदींत मुलामुलांत जो फरक दिसतो त्यातला जेमतेम आठ टक्के भाग घरच्यांच्या सांगण्यातून कळू शकतो. 2015 मध्ये 341 अभ्यासांची पुन्हा बेरीज झाली तेव्हाही सरासरी 0.28 च निघाली. दोन पिढ्यांच्या संशोधनानं प्रश्नावल्या सुधारल्या, पण हा आकडा हलला नाही. पालकसभेत 'घरी तर असं काही करत नाही हो' म्हणणारी आई खोटं बोलत नसते आणि समोरच्या बाईही खोटं बोलत नसतात. चाळीस-पन्नास मुलांत चाळीस मिनिटं गप्प बसण्याची वेळ त्या मुलावर घरी येतच नाही.

आता एक असा मुद्दा, जो शाळेच्या व्यवहारात सर्वांत जास्त नुकसान करतो आणि ज्याची चर्चा सर्वांत कमी होते. समजा वरच्या टोकाची दहा टक्के मुलं 'लक्ष देण्याजोगी' म्हणून आपण निवडली. पुढल्या वर्षी नव्या शिक्षकांनी तीच मापनश्रेणी भरली आणि पुन्हा वरची दहा टक्के निवडली. दोन मापनांतला सहसंबंध 0.72 इतका उत्तम असला तरी पहिल्या यादीतली जवळपास निम्मीच मुलं दुसऱ्या यादीत सापडतात. यात कुणाची चूक नाही. घंटेच्या आकाराच्या वक्राचं हे साधं गणित आहे. सीमारेषेच्या आसपास गर्दी असते, आणि नऊ गुणांचं मूल पुढल्या खेपेला सात गुणांवर जायला फार काही घडावं लागत नाही. एका शनिवारच्या मधल्या सुट्टीत टळलेली मारामारी पुरते. पण तोवर यादीत नाव लागलेलं असतं, स्टाफरूममध्ये ते चार जणांच्या तोंडी झालेलं असतं. गुण बदलले तरी नाव पुसलं जात नाही.

दुसरी एक खोड औषधांच्या चाचण्यांमुळे उघड झाली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कीथ कॉनर्स यांनी 1969 मध्ये शिक्षकांसाठी 39 विधानांची मापनश्रेणी प्रसिद्ध केली. अतिचंचल मुलांना दिलेल्या औषधाचा परिणाम होतो की नाही हे वर्गात बघणाऱ्या माणसाकडून जाणून घ्यावं, हा तिचा हेतू. ती वापरताना संशोधकांच्या लक्षात आलं, की पहिल्यांदा भरलेल्या गुणांपेक्षा दुसऱ्यांदा भरलेले गुण खाली येतात. औषध न देता. मूल तेच, शिक्षक तोच, मध्ये काहीही केलेलं नाही, आणि तरी मूल 'सुधारलेलं' दिसतं. कारणं एकाहून अधिक असावीत. पहिल्या खेपेला शिक्षक महिनोन् महिने साठलेला वैताग कागदावर उतरवतो. दुसऱ्या खेपेला साठा संपलेला असतो. शिवाय मुळात निवड होते ती गुण फार वर गेलेल्या मुलांची, आणि टोकाचं कुठलंही मापन दुसऱ्यांदा घेतलं की सरासरीकडे थोडं सरकतंच. फ्रान्सिस गाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात आईबापांच्या आणि मुलांच्या उंचीवरून हे दाखवलं होतं. म्हणून पुढे असा सल्ला दिला जाऊ लागला, की उपचारापूर्वी श्रेणी दोनदा भरून घ्या आणि पहिली बाजूला ठेवून दुसरीपासून मोजा.

आपल्याकडे किती शाळा, किती संस्था हे करतात? जूनमध्ये 'उपद्रवी' मुलं निवडायची, तीन महिने त्यांच्यासाठी उपक्रम घ्यायचा, सप्टेंबरमध्ये त्याच शिक्षकांकडून तीच प्रश्नावली भरून घ्यायची आणि अहवालात सुधारणेचा आलेख छापायचा, ही रीत सर्रास दिसते. तुलनेसाठी उपक्रमाबाहेरची तशीच मुलं ठेवलेली नसतील तर अशा आलेखाला मी कागदाच्या किमतीपलीकडे किंमत देत नाही.

शिक्षकाला नेमकं काय दिसतं आणि काय दिसत नाही, हा प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे, आणि तो जवळजवळ शंभर वर्षं जुना आहे. ई. के. विकमन यांनी अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात केलेला अभ्यास 1928 मध्ये पुस्तकरूपानं आला. पन्नास प्रकारच्या वागण्यांची यादी देऊन त्यांनी शिक्षकांना आणि मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञांना गांभीर्य ठरवायला सांगितलं. शिक्षकांनी चोरी, खोटेपणा, शाळा बुडवणं यांना वर ठेवलं आणि लाजाळूपणाला तळाशी टाकलं. तज्ज्ञांनी कुणात न मिसळणं, संशयी वृत्ती, खिन्नता यांना वर आणलं. 'शिक्षकांना मुलं कळत नाहीत' असा निष्कर्ष काढून लोक मोकळे झाले. पुढे टीकाकारांनी मूळ सूचना तपासल्या तेव्हा गंमत कळली. शिक्षकांना 'आज वर्गात याचा किती त्रास होतो' या अंगानं विचारलं होतं, आणि तज्ज्ञांना 'पुढच्या आयुष्यात याचा किती धोका' या अंगानं. प्रश्न वेगळे, उत्तरं वेगळी. तरीही विकमन यांच्या निरीक्षणातला एक भाग टिकून राहिला आहे. दंगा करणाऱ्या मुलांबद्दल निरीक्षकांचं जेवढं एकमत होतं तेवढं आतल्या आत कुढणाऱ्या मुलांबद्दल होत नाही; आकेनबाखांच्या 1987 च्या संकलनात हे अंतर 0.41 विरुद्ध 0.32 असं दिसतं. दंगा सगळ्यांना ऐकू येतो. भीती बाकावर बसून असते.

शिक्षकाची नजर आणखी एका बाजूनं फसते. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्येच लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासून दाखवलं होतं, की बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य असे परस्परांहून भिन्न गुणही विलक्षण जुळलेले दिसतात. माणूस एकदा आवडला की सगळ्याच रकान्यांत आवडतो. वर्गात हे उलट दिशेनं चालतं. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हॉवर्ड ॲबिकॉफ आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांना चित्रफिती दाखवल्या. त्यांत बालकलाकारांनी ठरवून दिलेलं वागणं केलं होतं. एका फितीतलं मूल उद्धट आणि ऐकून न घेणारं होतं, पण चंचल नव्हतं. शिक्षकांनी त्याला चंचलतेचेही भरपूर गुण दिले. उलट नुसत्या चंचल मुलाला त्यांनी उद्धट ठरवलं नाही. म्हणजे चूक सरसकट होत नाही. तिला दिशा आहे. उलटून बोलणारं पोर बाकीच्या रकान्यांतही मार खातं, आणि ते पुढच्या महिन्यातही उलटून बोलणार असल्यामुळे ही चूक मोठ्या इमानानं पुन्हा होते. सहसंबंध वाढतो तो असा.

वयाचीही एक गोष्ट आहे. पहिलीच्या एकाच वर्गात जवळजवळ एका वर्षाचं अंतर असलेली मुलं बसतात, आणि सहा वर्षांच्या वयात एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 9 लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून 2012 मध्ये दाखवलं गेलं, की वर्गातली सर्वांत लहान, डिसेंबरात जन्मलेली मुलं जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा अवधानाच्या विकाराचं निदान जास्त प्रमाणात घेऊन जातात. मुलग्यांत 30 टक्के जास्त, मुलींत 70 टक्के. टॉड एल्डर यांनी त्याआधी दोन वर्षं अमेरिकन आकडेवारीतून दाखवलं होतं, की वयाच्या या फरकाचा परिणाम शिक्षकांच्या मतावर ठळक होतो, आईवडिलांच्या मतावर फारसा नाही. आई मुलाची तुलना शेजारच्या बाकाशी करत नाही. बाईंना ती करावीच लागते.

आणि जात? भारतात वर्तनाच्या नोंदींबद्दल बोलताना हा प्रश्न टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी भारतात केलेल्या प्रयोगात उत्तरपत्रिकांवर मुलाची जात, वय आणि मुलगा की मुलगी हे तपशील यादृच्छिक पद्धतीनं लिहून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. तेच उत्तर, पण वर 'खालची' जात लिहिलेली असेल तर गुण किंचित कमी पडले. फरक लहान होता, पण होता. गणिताच्या उत्तराला निदान चूक-बरोबर असतं. 'बेशिस्त' या शब्दाला तेवढाही आधार नाही.

इथवर वाचून एखादा वाचक म्हणेल, मग शिक्षकांना विचारूच नका. हा निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का हे सांगण्यासाठीच पुढली प्रकरणं आहेत.

पहिली गोष्ट, मुलं खरोखर बदलतात. दोन वर्षांनी नोंद बदलली तर ते मापनाचं अपयश असेलच असं नाही. मूल मोठं झालेलं असेल, घरातलं भांडण मिटलेलं असेल, चष्मा लागून फळा दिसू लागलेला असेल. दोन वेळच्या नोंदींवरून मापनातली चूक किती आणि खरा बदल किती हे वेगळं काढता येत नाही. डेव्हिड हाइझ या समाजशास्त्रज्ञानं 1969 मध्ये दाखवलं, की निदान तीन वेळच्या नोंदी असतील तर काही गृहीतकं धरून हे दोन्ही सुटे करता येतात. जून आणि मार्च अशा दोनच नोंदींवर 'मूल बदललं' किंवा 'शिक्षकाचं मत डळमळीत' असं म्हणणाऱ्यानं तिसरी नोंद मागावी.

दुसरी गोष्ट, मोठ्या कालावधीत या नोंदींनी जे सांगितलं आहे ते थक्क करणारं आहे. रिचर्ड ट्रम्ब्ले यांनी 1984 मध्ये माँट्रियलच्या गरीब वस्त्यांतल्या शाळांमधून बालवर्गातल्या 1,037 मुलग्यांबद्दल त्यांच्या शिक्षकांना विचारलं. पुढे ती मुलं दहा वर्षांची झाल्यापासून पंधराव्या वर्षापर्यंत दरसाल विचारत राहिले. वर्ग बदलत गेले तसे शिक्षकही बदलत गेले; आधीच्या शिक्षकाचं मत नव्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. डॅनियल नेगिन आणि ट्रम्ब्ले यांनी 1999 मध्ये या नोंदींवरून मुलांचे मार्ग काढले. मारामारीची पातळी सतत वर राहिलेली मुलं सुमारे चार टक्के निघाली. अर्ध्याहून अधिक मुलं मधल्या पातळीवर सुरू होऊन हळूहळू शांत होत गेली. आणि सुरुवातीला खूप मारामारी करणाऱ्यांपैकी बहुतेकही कालांतरानं निवळली. बालवर्गात मारकुटा म्हणून नोंद झालेल्या मुलाबद्दल 'हा असाच राहणार' म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवावा. चार टक्के. बाकीच्यांचं काय झालं हे कळण्यासाठी मात्र सात-आठ शिक्षकांनी आपापल्या वर्षी प्रामाणिकपणे लिहिलेलं असावं लागलं.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरातला अभ्यासही असाच. योगायोगानं मुलांचा आकडा तिथेही 1,037. 1972-73 मध्ये जन्मलेली ही मुलं तीन वर्षांची असल्यापासून आजवर तपासली जात आहेत. टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये, ती बत्तीस वर्षांची झाल्यावरची माहिती घेऊन, बालपणीच्या आत्मसंयमाचा पुढील आयुष्याशी ताळा घातला. आत्मसंयम कसा मोजला? एका बाईंच्या एका शेऱ्यावरून नक्कीच नाही. तीन ते अकरा वर्षांपर्यंत निरीक्षक, आईवडील, वेगवेगळ्या वर्षींचे शिक्षक आणि शेवटी मूल स्वतः, अशा नऊ मापनांची एकत्र बेरीज करून. त्या बेरजेचा संबंध प्रकृती, व्यसन, पैशाची घडी आणि गुन्ह्यांची शिक्षा यांच्याशी लागला. घरची आर्थिक स्थिती आणि बुद्ध्यांक हिशेबात धरूनही लागला.

या दोन अभ्यासांचं यश आणि एकेका नोंदीचा कच्चेपणा यांत विरोध नाही. चार्ल्स स्पीअरमन आणि विल्यम ब्राउन यांनी 1910 मध्ये स्वतंत्रपणे मांडलेलं एक सूत्र बी.एड.च्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरतं पाठ असतं, पण ते वर्गातही खरं आहे. एका वर्षीच्या शिक्षकाची नोंद आणि पुढल्या वर्षीच्या शिक्षकाची नोंद यांचा मेळ 0.5 इतकाच बसतो असं धरा. अशा चार वर्षांच्या, चार शिक्षकांच्या नोंदींची सरासरी घेतली तर तिची विश्वसनीयता 0.8 वर जाते. प्रत्येकाचा वैताग, प्रत्येकाचा लाडका, प्रत्येकाचा राग वेगळा असतो, तो एकमेकांना छेद देऊन विरतो. मुलाचं जे आहे ते उरतं. अट एकच. त्या चौघांनी एकमेकांचं पाहून लिहिलेलं नसावं.

महाराष्ट्राचा प्रश्न नेमका या अटीपाशी येतो. शिक्षणहक्क कायद्यानंतर, 2010 पासून, आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक आणि संकलित मूल्यमापनाबरोबर प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी आल्या : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात काय झालं ते शिक्षक खासगीत हसत सांगतात. तयार नोंदींच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या. विषयवार, इयत्तावार, प्रत्येकी शंभर वाक्यं. 'वर्गकार्यात उत्साहाने सहभागी होतो', 'मित्रांना मदत करतो', 'नियमांचे पालन करतो'. हजेरीच्या क्रमानं खाली उतरत जायचं आणि वाक्य चिकटवायचं. एप्रिलमधली ती दुपार कुठल्याही स्टाफरूममध्ये पाहावी : एक जण वाचतो, दुसरा उतरवून घेतो, आणि 'सुधारणा आवश्यक' या रकान्याशी आल्यावर दोघं थांबून विचार करतात, कारण तिथे काही लिहिलं तर पालक विचारायला येतील. मग 'अक्षर सुधारणे आवश्यक' यावर तडजोड होते. शिक्षकांना मी दोष देत नाही. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहित्या यांतून वेळ काढून चाळीस मुलांवर चाळीस खऱ्या नोंदी लिहिणं सोपं नाही. पण त्या वह्यांतून एखाद्या मुलाची पहिली ते आठवीची कहाणी कुणी काढू म्हणेल तर हाती काही लागणार नाही. दाखल्यावरच्या 'चांगली'ची ती थोडी लांबलेली आवृत्ती आहे.

दुसऱ्या टोकाला आहेत दोनशिक्षकी शाळा. तिथे पहिलीपासून चौथीपर्यंत मूल बहुधा एकाच गुरुजींच्या हाताखाली असतं. त्यांना मूल खरोखर ठाऊक असतं, त्याच्या घरचं, शेतातलं, आजोबांच्या दुखण्यासकट. त्यांच्या नोंदी जिवंत असतात. पण चार वर्षं सारखी राहिलेली नोंद ही तिथे मुलाची की गुरुजींची, हे सांगता येत नाही. बदली होऊन नवे गुरुजी आले की अचानक काही मुलं 'सुधारतात' आणि काही 'बिघडतात'. गावकरी त्याचं श्रेय किंवा खापर नव्या माणसाच्या माथी मारतात. खरं तर त्या वर्षी त्या मुलांचं पहिल्यांदा दुसऱ्या नजरेनं मापन झालेलं असतं.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर समग्र प्रगती पत्रक येऊ घातलं आहे. त्यात शिक्षकाबरोबर मूल स्वतः, वर्गमित्र आणि पालक यांच्याही नोंदी अपेक्षित आहेत. वर सांगितलेला 0.28 चा आकडा लक्षात घेता हे चांगलंच आहे. मात्र या नोंदी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर घाबरून त्या जुळवून घेण्याचा मोह होईल. तो आवरावा लागेल. न जुळणं हीच तिथली माहिती आहे.

हे पुस्तक शिक्षकांसाठी आहे, पालकांसाठी आहे आणि शाळांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकांसाठीही आहे. त्यातली गणितं वगळून वाचलं तरी हरकत नाही. तक्ते ज्यांना हवेत त्यांच्यासाठी आहेत. फक्त शिक्षक वाचकांना एक विनंती. या जूनमध्ये नवा वर्ग हाती आला की मागच्या वर्षीची नोंदवही लगेच उघडू नका. स्टाफरूममधल्या 'सांभाळा हं त्याला' याकडेही थोडं दुर्लक्ष करा. सहा-सात आठवडे मुलं बघा. मग प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहा, विशेषण टाळून, काय केलं आणि कधी केलं एवढंच. खाली तारीख घाला आणि स्वतःचं नाव लिहा. दिवाळीनंतर आधीचं न बघता पुन्हा लिहा, आणि मार्चमध्ये तिसऱ्यांदा. त्यानंतर जुनी वही काढून शेजारी ठेवा. जिथे जुळलं नाही ती पानं फाडू नका. पुढच्या वर्षीच्या वर्गशिक्षकांकडे सगळी वही जशीच्या तशी, पाकिटात बंद करून द्या आणि ऑगस्टच्या आधी उघडू नका म्हणून सांगा.